‘एक मिनिट आहे का?’ : मायग्रेशनच्या सात आठवड्यांच्या नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी

जुन्या बिलिंग सिस्टिममधली अकरा वर्षांची बिलं नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम आज अधिकृतपणे माझ्या गळ्यात पडलं. मुदत २१ मार्च. किती दिवस लागतील असं विचारल्यावर माझ्या तोंडून फटकन निघून गेलं, "चार आठवडे बास, बाकीचे तीन हाताशी राहू द्या." वेळेचा अंदाज कमी बांधायच्या या खोडीला डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच नाव दिलंय, प्लॅनिंग फॅलसी. मला ते माहीत आहे, पण माहीत असून उपयोग होत नाही. कानेमननेच सांगितलेली गोष्ट आहे: त्याच्या टीमने एका अभ्यासक्रमाचं काम दोनेक वर्षांत होईल असा अंदाज बांधला आणि ते पुरं व्हायला आठ वर्षं लागली.

आज मायग्रेशनचं खरं काम झालं ४० मिनिटं. ऑफिसमध्ये होते नऊ तास. उरलेला वेळ कुठे गेला, देव जाणे. म्हणून या वहीत टेबलं आणि क्वेरींच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांच्या) नोंदींबरोबर वेळेचाही हिशेब ठेवणार आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मोजायची पद्धत अगदी साधी ठेवली. कीबोर्डशेजारी एक कागद, त्यावर दोन रकाने. काम कुणी येऊन मोडलं तर डावीकडे रेघ, मी स्वतःच मोडलं तर उजवीकडे.

संध्याकाळी मोजलं: डावीकडे १९, उजवीकडे २३.

उजवा रकाना बघून ओशाळायला झालं. आठवडाभर मी ज्याला त्याला "मला कुणी काम करूच देत नाही" म्हणून सांगत होते. उजवीकडच्या बहुतेक रेघा एकाच प्रकारच्या: क्वेरी लावली, तिला चाळीस सेकंद लागणार, तेवढ्यात मेल बघू. मेलमध्ये एक अटॅचमेंट, ती उघडली, त्यात एक आकडा खटकला, तो तपासायला दुसरी फाइल. क्वेरी केव्हाच संपलेली, आणि मी परत आले बारा मिनिटांनी. ग्लोरिया मार्क या संशोधिकेने वर्षानुवर्षं ऑफिसांत बसून लोकांचं काम कसं तुटतं ते टिपलंय. त्यांच्याही नोंदींत माणसं स्वतःचं काम स्वतःच मोडतात याचा वाटा मोठा आहे. वाचलं होतं. आपण त्यातले नाही असं वाटत होतं, इतकंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार, कारण आज अडीच तास पाण्यात गेले.

टेस्ट सर्व्हरवर पहिली चाचणी होती. चौदा पायऱ्यांची यादी मी स्वतः केलेली, छापून समोर ठेवलेली. पाचवी पायरी झाली, जुन्या टेबलांचा बॅकअप. सहावी होती सिंक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप बिलं नव्या बाजूला पाठवणारा प्रोग्रॅम, बंद करणं. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, एक मिनिट आहे का? हा व्हेंडर कोड कुठल्या टेबलातून येतो?" मी मान न वळवता टेबलाचं नाव सांगितलं. सहा-सात सेकंद लागले असतील. मनात म्हटलंसुद्धा, बघ, याला काही व्यत्यय म्हणत नाहीत.

कागदावर नजर परत आली ती सातव्या पायरीवर.

सिंक जॉब चालूच राहिला आणि त्याने दुपारी आपलं काम इमानदारीत केलं. चाचणी संपल्यावर नव्या बाजूला ३१२ बिलं जास्त निघाली. आधी मॅपिंगवर, म्हणजे जुना कुठला रकाना नव्यात कुठे जातो त्या जुळवणीवर, संशय घेतला, मग माझ्या क्वेरीवर, मग जुन्या डेटावर. डुप्लिकेट बिलांच्या वेळा बघितल्या तेव्हा सगळ्या एकाच मिनिटातल्या, आणि ते मिनिट जॉबच्या शेड्यूलचं. डोक्यावर हात मारून घेतला.

नेमक्या याच गोष्टीवर २०१४ चा एक प्रयोग आहे, एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांचा. ठरावीक क्रमाने करायच्या कामात मध्ये जेमतेम २.८ सेकंदांचा अडथळा आणला, तर क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. माणूस काम विसरत नाही, आपण कुठे होतो ते विसरतो. मला चौदाही पायऱ्या पाठ आहेत आणि तरी सहावी सुटली, ती अशी. पुन्हा यादी बघताना "सिंक जॉब बंद" हे शब्द वाचून मला ते केल्यासारखंच वाटत होतं, कारण सकाळपासून ते करायचंय हे डोक्यात घोळत होतं.

उपाय दोन. पायरी झाली की आधी पेन्सिलीने टिक, मग मान वर. आणि दुसरा विमानांकडून उसना घेतलाय. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाला आवश्यक नसलेलं काहीही बोलायचं नाही, करायचं नाही. वर गेल्यावर गप्पा मारायला हरकत नाही. मला यात आवडलं ते हे की दिवसभर मौन पाळा असं कुणी सांगत नाही. जिथे चुकलं तर भारी पडेल, तेवढाच भाग राखायचा. यादीवर सहा ते अकरा या पायऱ्यांभोवती लाल चौकट काढली आणि वर लिहिलं: दहा हजार फुटांखाली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चाचणी परत घेतली. आकडे जुळले. डावीकडे १७, उजवीकडे ११.

सोमवार, १० फेब्रुवारी

आजपासून साडेनऊ ते साडेअकरा दार बंद. खरं दार नाहीच, म्हणून चॅटवर लाल ठिपका, कानाला हेडफोन, कॅलेंडरवर "मीटिंग" असं धादांत खोटं. फोन ड्रॉवरमध्ये. फोन उलटा करून टेबलावर ठेवणं ही मी आजवर स्वतःची काढलेली समजूत होती. कॅरी स्टॉथर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की फोन हातात न घेता नुसती त्याची घंटी किंवा थरथर जाणवली, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात. कोण असेल, काय असेल, हा विचार सुरू व्हायला तेवढं पुरतं.

आणि दोन तासांत कराच्या रकान्यांचं मॅपिंग संपलं! गेले चार दिवस ते नुसतं इकडून तिकडे ढकलत होते. घरी जाताना गाणं गुणगुणत होते, असं टीमने सांगितलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हवा गेली.

साडेअकराला हेडफोन काढले तर आमचा ज्युनियर स्क्रीनसमोर शांत बसलेला. काय चाललंय विचारलं. "काही नाही ताई, टेस्ट डेटाबेसला परमिशन नाहीये. पावणेदहापासून अडकलोय."

"अरे, मग सांगायचं ना!"

"तुम्ही लाल होतात."

परमिशन द्यायला मला अर्धं मिनिट लागलं. त्याचे पावणेदोन तास गेले होते. कागदावर माझ्या नावापुढे दोन तास जमा दिसत होते, पण ते त्याच्या खात्यातून वळते झालेले. सोमवारी आणि मंगळवारी असं किती जणांचं झालं असेल, ते त्या रेघांत येत नाही, कारण कुणी आलंच नाही तर रेघ कुठे ओढणार?

हिशेब विभागातल्या मॅडमनीही दुपारी ऐकवलं, "तुमचं बरं आहे, ठिपका लावला की सुटलात." चिडायला हवं होतं, पण त्यांचं चूक नव्हतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मोजणीच्या कागदांच्या मागच्या बाजूला, कोण काय विचारायला आलं होतं ते मी मोघम खरडून ठेवलेलं. आज ४७ प्रश्न वहीत उतरवले आणि त्यांची वाटणी केली. २९ प्रश्नांचं उत्तर एखाद्या पानावर लिहिलेलं असतं तर कुणी उठून आलंच नसतं: कुठला कोड कुठून येतो, कुठला रिपोर्ट कोण वापरतं, जुन्या सिस्टिममध्ये स्टेटस ७ म्हणजे काय. ८ वेळा लोक माझी परवानगी मागत होते, अशा गोष्टींची ज्या त्यांनीच ठरवायला हव्या होत्या. सहा जणांना उत्तर ठाऊक होतं, नुसता होकार हवा होता. माझ्याशिवाय अडलं असतं असे खरे प्रश्न चार.

स्टेटस ७ म्हणजे "ग्राहकाने वाद घातलेलं बिल". हे या ऑफिसात फक्त मला माहीत आहे. गेली सहा वर्षं.

इथे जरा थांबावं लागलं. लोक माझा वेळ खातात ही तक्रार खरी, पण त्यांना दुसरं ताट मी वाढलंय कुठे? सगळं माझ्या डोक्यात, आणि डोकं साडेनऊ ते साडेअकरा बंद. त्याहून अवघड कबुली म्हणजे, कुणी येऊन "ताई, तुम्हालाच माहीत असेल" म्हटलं की मला बरं वाटतं. ते सोडवत नाही. हेडफोन लावणं सोपं आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नवी मांडणी. शांत वेळ तीच, पण कॅलेंडरवर आता "मीटिंग"ऐवजी खरं लिहिलंय: "मायग्रेशन, एकटी". साडेअकरा आणि चार या दोन वेळा प्रश्नांसाठी मोकळ्या, तेव्हा मी दुसरं काही काढून बसणार नाही. लाल ठिपका असताना खुशाल येऊन खांदा हलवायचा, अशा तीन गोष्टी पांढऱ्या फळ्यावर लिहिल्या: डेटा जातोय, चुकीचं बिल बाहेर चाललंय, किंवा तुम्ही वीस मिनिटांपेक्षा जास्त अडकलात. वीस हा आकडा हवेतून काढलाय. जमलं नाही तर बदलू.

आणि उत्तरांचं पान. कुणी काही विचारलं की मी तोंडी सांगायचं, आणि विचारणाऱ्याने ते पानावर लिहायचं. आधी मीच लिहायला बसले होते, पण तासाभरात कळलं की मी लिहिते ते मलाच समजतं. आमच्या ज्युनियरने स्टेटस ७ बद्दल लिहिलेली दोन वाक्यं माझ्या परिच्छेदापेक्षा उजवी निघाली. ज्याला माहीत नव्हतं, त्याला नेमकं काय अडतं हे ठाऊक असतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सरांनी रोज साडेदहाला स्टेटस मीटिंग टाकली. शांत वेळेच्या बरोब्बर मधोमध.

"अगं, पंधरा मिनिटांचं तर काम."

"पंधरा मिनिटांचंच असतं सर, पण दहा वाजून दहा मिनिटांनंतर मी मोठं काही काढतच नाही. वीस मिनिटांसाठी कोण पसारा मांडणार? मग मेल बघते. मीटिंगनंतर परत सूर लागायला वेळ जातो. दोन तासांतले चाळीस मिनिटं हाती लागतात."

सरांच्या चेहऱ्यावर, ही जरा जास्तच करते, असा भाव. मग वही उघडून दाखवली: मीटिंग नसलेल्या सकाळी किती टेबलं तपासून झाली, आणि असलेल्या दोन सकाळी किती. चार, पाच, चार. एक, एक. सरांनी वही दोनदा बघितली आणि मीटिंग बाराला नेली. माझ्या युक्तिवादाने काही झालं नव्हतं. आकड्यांपुढे ते गप्प झाले.

नाराज मात्र आहेत. चालायचंच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शांत वेळ मिळते, पण तिच्यात शिरायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. काल कुठे सोडलं होतं ते आठवत बसते. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये याला नाव दिलं, अटेन्शन रेसिड्यू. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्यालाच चिकटून राहतो, आणि दुसरं काम निकृष्ट होतं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्याबरोबर उताराही तपासला: उठण्याआधी मिनिटभर थांबून, परत आल्यावर काय करायचं ते लिहून ठेवायचं.

आज संध्याकाळी बॅग भरण्याआधी लिहिलेली चिठ्ठी जशीच्या तशी:

"रद्द बिलं वगळली तरी महिनावार बेरजा जुळत नाहीत. वर्षाची बेरीज जुळते! म्हणजे बिलं हरवली नाहीत, महिने सरकलेत. संशय: तारीख आणि महिना उलटसुलट. उद्या आधी १३ ते ३१ तारखांची बिलं वेगळी काढून बघ."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

९:३० ला बसले, ९:४१ ला सापडलं. २०१६ च्या आधी एका शाखेकडून तारखा मजकूर म्हणून यायच्या, महिना आधी आणि दिवस नंतर. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर स्क्रिप्ट अडखळायची आणि तारीख सुधारून घ्यायची. दिवस बारा किंवा कमी असेल, तर ५ मार्चचं बिल गुपचूप ३ मे होऊन बसायचं, काही तक्रार न करता. चिठ्ठी नसती तर आज सकाळी रद्द बिलांपासून परत सुरुवात केली असती, हे नक्की.

पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणलाय. ज्युनियरने दोन मागून नेल्या.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

वाईट आठवडा. चालू सिस्टिमच पडली. बुधवारपासून आजपर्यंत शांत वेळ एकदाही मिळाली नाही, आणि तेच योग्य होतं, फळ्यावर लिहिलेल्या तीनपैकी दोन गोष्टी घडत होत्या. नोंद ठेवतेय ती वेगळ्या कारणासाठी. या तीन दिवसांत मी ज्या गतीने कामं उरकली, तशी एरवी उरकत नाही. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगातही हेच निघालं होतं: सारखे अडथळे येत असलेली माणसं काम उलट लवकर संपवत होती, पण ताण आणि चिडचिड जास्त. त्यामुळे "किती काम झालं" एवढंच मोजलं तर घाईचा दिवस छान दिसतो. आज रात्री मी घरी एका साध्या प्रश्नावर ओरडले. ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मंगळवार, ४ मार्च

उजव्या रकान्याकडे वळले. मेल दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, एवढंच. कोस्टाडिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये हाच आकडा घेऊन लोकांना आठवडाभर तसं वागायला लावलं, तर ताण कमी झाला होता. माझा पहिल्या दिवसाचा निकाल: सात वेळा. पण सात मोजून सात, आणि प्रत्येक वेळी उघडताना लक्षात आलं की हात आपोआप गेला होता. क्वेरी चालू असताना आता कागदावर तिच्या उत्तराचा अंदाज लिहिते. रिकामा हात मेलकडे जात नाही, आणि अंदाज चुकला तर काहीतरी शिकायला मिळतं.

सोमवार, १० मार्च

पूर्ण सराव, खऱ्या डेटाच्या प्रतीवर. सहा ते अकरा पायऱ्यांना ज्युनियर शेजारी बसून यादी मोठ्याने वाचत होता आणि मी करत होते. तो म्हणे "टिक?", मी म्हणे "टिक", मग तो पेन्सिल टेकवी. बालिश वाटतं. चौदाच्या चौदा पायऱ्या जागच्या जागी झाल्या.

चारला प्रश्नांच्या वेळी मोकळी बसले आणि कुणीच आलं नाही. हिशेबाच्या मॅडमना एक रिपोर्ट हवा होता, तो ज्युनियरने पानावर बघून दिलाही होता. पानावर आता ६४ उत्तरं आहेत, त्यातली माझ्या हातची नऊ. मनाला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू? मग अर्धा तास मोकळा आहे हे लक्षात आलं आणि रोलबॅकची, म्हणजे बिघडलं तर सगळं पूर्ववत करायची, स्क्रिप्ट तपासून टाकली.

डावीकडे ६, उजवीकडे ९.

सोमवार, १७ मार्च

वीस मिनिटांचा नियम तीस करून बघितला. दोन दिवसांत परत वीसवर आणणार, लोक उगाच कुढत बसतात.

शनिवार, २२ मार्च

मुदत कालची होती. पण प्रत्यक्ष बदल करायला सिस्टिम बंद ठेवता येईल असा दिवस आजचाच, त्यामुळे कालचं आज. सकाळी सातला सुरुवात.

बॅकअप, टिक. सिंक जॉब बंद, टिक. मी तो जॉब खरंच बंद आहे ना हे तिसऱ्यांदा जाऊन बघितलं, ज्युनियर हसला. नवव्या पायरीवर, करांचे रकाने भरले जात असताना, टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. मी हात पुढे केला होता. ज्युनियरने माझ्याआधी उचलला आणि म्हणाला, "सर, आम्ही दहा हजार फुटांखाली आहोत. अर्ध्या तासाने करू का?" पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग सर म्हणाले, "बरं."

काय हवं होतं ते नंतर कळलं: झालं का, एवढंच विचारायचं होतं.

११:२० ला शेवटची तपासणी. बिलांची संख्या दोन्हीकडे सारखी, वर्षावार बेरजा जुळल्या, महिनावारही. स्टेटस ७ ची दोन बिलं नव्या स्क्रीनवर "रद्द" म्हणून दिसतायत, रक्कम बरोबर, नुसतं लेबल चुकीचं. आज हात लावत नाही.

मॉनिटरवर चिठ्ठी लावली: "सोमवार. दोन बिलं, स्टेटस ७. लेबलचं टेबल बघ, डेटा बघू नकोस. ज्युनियरला करू दे, त्याला माहितीये."